आमेन, आमीन आणि पालकाची सही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री सगळे दस्तरखानावर बसलो होतो. दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने जेवणापूर्वी हात जोडले, डोळे मिटले, इंग्रजीत काहीतरी पुटपुटली आणि शेवटी म्हणाली, "आमेन." सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"ये क्या बोली गे तू?"

"दादी, इस्कूल में बोलते. अपन भी आमीन बोलते ना?"

मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. "नाम काडो इसका उस इस्कूल में से," एवढेच बोलून सासूबाई उठून गेल्या.

आधी माझ्यावरचा आरोप मीच मांडते, म्हणजे वाचकांना ती तसदी नको. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिक्षिका आहे. माझे घर उर्दूवर चालते. आणि माझी मुलगी मात्र सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मिशनच्या इंग्रजी शाळेत जाते. उर्दू वाचवा म्हणून भाषणे करणाऱ्या किती जणांची मुले उर्दू शाळेत आहेत, हे मोजायला बसलो तर मी एकटी पडणार नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आजचा प्रश्न असा की ज्या शाळेत आपण हौसेने मुले घालतो, तिथल्या प्रार्थनेचे काय करायचे?

मला तीन सल्ले मिळाले. पहिला सासूबाईंचा, की नाव काढा. दुसरा मोहल्ल्यातल्या एका जाणत्याचा, की चार माणसे घेऊन जाऊ, निवेदन देऊ, प्रार्थनाच बंद करायला लावू. तिसरा माझ्याच एका सहकारी बाईंचा. त्या म्हणाल्या, "पोरीला सांग, ओठ हलव आणि मनात कलमा पढ. कुणाला कळतंय?"

तिन्ही सल्ले मला चुकीचे वाटतात. त्यातही तिसरा सर्वांत घातक, कारण तो सर्वांत सोपा आहे. सात वर्षांच्या मुलीला आपण काय शिकवतो? ओठांवर एक, दिलात दुसरे. ज्या दीनमध्ये निय्यतीला एवढे महत्त्व, त्या दीनच्या नावाने आपण मुलांना दुटप्पीपणाचा पहिला सबक देतो. आणि हा सबक मूल फक्त शाळेतच वापरील असे थोडेच आहे?

पहिला सल्ला इतिहास विसरणारा आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. मिरजेत डॉ. वान्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याला मन्नत मागून आपली किती माणसे तिथे उपचाराला गेली, हे मिरजकरांना विचारा. मूळच्या साताऱ्यातल्या कटगुणच्या फुले घराण्यातले जोतीराव 1841 मध्ये पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. वडिलांनी शाळेतून काढलेल्या या माळ्याच्या पोराला पुन्हा शाळेत घाला, असा आग्रह धरणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे उर्दू-फारसीचे शिक्षक होते. म्हणजे उर्दूच्या एका उस्तादाला मिशनच्या शाळेची भीती वाटली नव्हती. त्याच्या पावणेदोनशे वर्षांनंतरच्या वारसदारांनी का घाबरावे?

दुसरा सल्ला तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा आहे. ख्रिस्ती समाजाला स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला. आपल्या अंजुमनच्या आणि एज्युकेशन सोसायट्यांच्या शाळा त्याच कलमावर उभ्या आहेत. त्यांच्या शाळेत त्यांची प्रार्थना होणारच. पाचगणीला जाऊन बघा. 1895 पासूनचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट तिथे आहे, अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे, बहाई मंडळींनी 1945 मध्ये काढलेली न्यू एरा आहे. एका डोंगरावर इतक्या शाळा नांदतात, त्या एकमेकींच्या प्रार्थना बंद पाडून नव्हे.

मग मार्ग कोणता? तो घटनेतच लिहून ठेवला आहे. पण आपण घटना मोर्चात फडकवतो, शाळेच्या ऑफिसात उघडत नाही. अठ्ठाविसाव्या कलमाचे तिसरे उपकलम सांगते की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकाने द्यायची. शाळेला प्रार्थनेचा हक्क आहे आणि पालकाला 'माझे मूल त्यात नको' असे म्हणण्याचा हक्क आहे. हे दोन्ही हक्क एका छपराखाली राहू शकतात. जिथे 1944 च्या कायद्याने शाळांत रोजची सामुदायिक उपासना सक्तीची केली आणि 1988 च्या कायद्याने तिचे स्वरूप मुख्यतः ख्रिस्ती असावे असे ठरवले, त्या इंग्लंडमध्येसुद्धा आपल्या मुलाला उपासनेतून वगळण्याचा पालकाचा हक्क कायद्यात शाबूत आहे.

मी पत्र लिहिले आणि शाळेत गेले. सिस्टर सौम्यपणे बोलल्या. त्यांनी प्रवेशाचा फॉर्म काढून दाखवला. 'शाळेचे सर्व नियम मान्य आहेत', खाली माझी सही. म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच संमती दिली आहे." मी विचारले, "या फॉर्मवर प्रार्थना हा शब्द कुठे आहे?" युनिफॉर्म, फी, बूट आणि आराधना या सगळ्यांसाठी एकच सही? न विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार ही संमती नव्हे. अर्ध्या तासाने ठरले की माझी मुलगी रांगेत उभी राहील, गप्प राहील, हात जोडणार नाही, आणि तिला कुणी टोकणार नाही. आवाज चढला नाही, वर्गणी गोळा झाली नाही, पेपरात फोटोही आला नाही.

इथवर वाचून ज्यांना बरे वाटले त्यांनी थोडे थांबावे. कारण शाळेतून परतताना मला माझीच शाळा आठवली.

आमच्याकडे रोज सकाळी हम्द होते, दुआ होते. मराठी शिकवणारे आमचे सर हिंदू आहेत. इतकी वर्षे ते खाली मान घालून आमच्यासोबत उभे असतात. 'सर, तुमची हरकत नाही ना?' असे त्यांना आम्ही एकदाही विचारले नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये वाहवा झाली होती. वाहवा करणाऱ्यांत मीही होते. सर तिथेच पेपर तपासत बसले होते.

आणि परक्याचे सोडा, आपल्यांचे काय? जुम्म्याला उभे राहून सलाम पढायची प्रथा काही घरांत मानतात, काही घरांत मानत नाहीत. एका मुलाच्या अब्बांना ते पटत नाही, म्हणून तो मुलगा बसून राहिला. आम्ही त्याला सगळ्यांसमोर खडसावले. मिशनच्या शाळेत माझ्या मुलीला कुणी असे खडसावले असते तर मी काय केले असते, हे आता मला ठाऊक आहे. धर्मात जबरदस्ती नाही ही कुरआनची शिकवण आपण व्यासपीठावरून इतरांना ऐकवतो. नजरानहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींना पैगंबरांनी मदिनेच्या मशिदीत त्यांच्या रीतीने उपासना करू दिली, ही नोंद सीरतच्या ग्रंथांतून दाखवतो. मग हे सारे आपल्याच शाळेच्या मैदानावर का लागू होत नाही?

कोणी म्हणतील, दिवस वाईट आहेत, आता असले विषय काढू नका. दिवस वाईट आहेत म्हणूनच काढते. 2019 मध्ये उत्तर प्रदेशातल्या पिलीभीत जिल्ह्यात एका मुख्याध्यापकाला निलंबित केले गेले, कारण त्यांच्या शाळेत इक्बालची 'बच्चे की दुआ' म्हटली जायची. ही दुआ मटिल्डा बेथम-एडवर्ड्स या इंग्रज लेखिकेच्या बालगीतावरून घेतलेली. म्हणजे आपल्या उर्दू शाळांची सर्वांत लाडकी दुआ मूळची ख्रिस्ती घरातली! दुआ कुठून आली यावरून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. 2024 च्या फेब्रुवारीत आसामात ख्रिस्ती शाळांनी येशूच्या मूर्ती काढाव्यात म्हणून काही लोकांनी धमक्या दिल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, सकाळी घटनेची उद्देशिका म्हणा, सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची एक खोली ठेवा. सूचना चांगल्या आहेत. पण जमावाच्या धाकाने दिलेली मुभा जमावालाच बळ देते. पालकाच्या पत्राने मिळालेली मुभा कायद्याला बळ देते. आपण पत्र लिहीत नाही, म्हणून जमावाला जागा मिळते.

माझे माहेर साताऱ्याचे. तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. आजोबा आम्हाला हे अभिमानाने सांगत. एका पंगतीत बसायला सर्वांचे दुआचे शब्द एक असावे लागत नाहीत, हे त्या पिढीला कळत होते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ज्यांची मुले मिशनच्या शाळेत आहेत त्यांनी नाव काढू नये, मोर्चा काढू नये, मुलाला खोटेही शिकवू नये. एक पत्र लिहावे आणि त्याची पोच घ्यावी. आणि ज्यांच्या हातात आपल्या शाळा आहेत त्यांनी प्रवेशाच्या फॉर्मवर एक स्वतंत्र ओळ छापावी: 'माझ्या पाल्याने शाळेच्या प्रार्थनेत सहभागी व्हावे / होऊ नये.' पुढे सहीची जागा सोडावी. शिक्षकांनाही हाच प्रश्न विचारावा.

ही ओळ मी आमच्या मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवली. अध्यक्ष म्हणाले, "बाजी, बात ठीक है, अगली मीटिंग में देखेंगे." अशा तीन मीटिंगा होऊन गेल्या. फॉर्म अजून जुनाच आहे. सर अजून मान घालून उभे असतात. मात्र त्यांना मी विचारले आहे. ते काय म्हणाले ते सांगणार नाही. ती त्यांची संमती आहे, छापायची की नाही तेही त्यांनीच ठरवायचे.