वारसा रोगाचा नव्हे

एकाच घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांपैकी एखाद्यालाच कुष्ठरोग होतो आणि बाकीचे धडधाकट राहतात, असे का? पूर्वी याचे उत्तर ‘घराण्याचा दोष’ असे दिले जाई. नॉर्वेतील डॅनियलसेन यांच्यासारखे नामवंत डॉक्टरही हा रोग आनुवंशिक मानत. त्यांचेच जावई हॅन्सन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींत जंतू शोधला आणि त्या समजुतीचा पाया ढासळला.

आता जनुकशास्त्राने वेगळ्या वाटेने याच प्रश्नाला हात घातला आहे. सुमारे ९५ टक्के लोकांची प्रतिकारशक्ती या जंतूला मुळातच पुरून उरते. उरलेल्यांचे काय होते? चीनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुकांतील फरक कुष्ठरोगाशी जोडलेले आढळले. त्यांपैकी ‘नॉड-२’ हे जनुक पेशीतल्या पहारेकऱ्यासारखे असते. जंतूच्या आवरणाचा तुकडा ओळखून ते इशारा देते. ‘एचएलए’ गटातील जनुके जंतूची ओळख लढाऊ पेशींना पटवून देतात. या गटाचा कुष्ठरोगाशी असलेला संबंध भारतातील अभ्यासांतही दिसला आहे.

मात्र याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. जनुकांतून येतो तो रोग नव्हे, तर जंतूशी झुंजण्याची कमी-अधिक ताकद. जंतूशी संबंधच आला नाही, तर असे जनुक असूनही कुष्ठरोग होत नाही. म्हणून या संशोधनाचा आधार घेऊन लग्नाच्या बैठकीत कुणाचे घराणे तपासणे म्हणजे विज्ञानाच्या नावाने जुनाच अन्याय करणे होय. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळायला आपल्याला २०१९ साल उजाडावे लागले, हे विसरता कामा नये.

जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. त्यांच्या घरच्यांना जनुकांच्या महागड्या चाचणीची गरज नाही. गरज आहे ती अंगावरचा फिकट, बधिर चट्टा वेळीच दाखवण्याची. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात आणि सहा ते बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो. सहवासातील निरोगी व्यक्तींना रिफाम्पिसिनचा एक डोस दिल्यास त्यांचा धोकाही कमी होतो. रोग लपवला जातो तो लाजेपोटी, आणि ही लाज कोणत्याही जनुकातून येत नाही. ती आपण दिलेली आहे. परत घेणेही आपल्याच हाती आहे.