जवानाचे ठोके, कंपनीचा सर्व्हर
अंगावर कातडीसारख्या वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१५ मध्ये उद्योग व विद्यापीठांना हाताशी धरून सॅन होजेत ‘नेक्स्टफ्लेक्स’ ही संस्था उभारली. जवानाच्या हृदयाचे ठोके, घाम, थकवा मोजणारी पट्टी हे त्यातलेच काम. आपल्याकडे २०१८ पासून संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ योजना नवउद्योगांना अनुदान देते. असे काम नाशिकमध्येही होऊ शकते : पंचवटीत अमृतधामला अभियांत्रिकी महाविद्यालय, सातपूर-अंबडला कारखाने, देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र; चाचणीला नाशिकचे ऊन तर फुकटच! या साऱ्यांना एका टेबलावर आणायला हवे. मात्र २०१८ मध्येच ‘स्ट्राव्हा’ या व्यायाम नोंदवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशाने धावणाऱ्या सैनिकांच्या नोंदींमुळे परदेशांतले लष्करी तळ उघडे पाडले होते. म्हणून अशा भागीदारीच्या करारात पहिलीच अट हवी : जवानाच्या शरीराची माहिती खासगी सर्व्हरवर जाणार नाही. ती मान्य नसेल, तर असा भागीदार नको.