‘मॅनिया’ कोणाला म्हणायचं, आणि कोणी?

गेली काही वर्षं घटस्फोटाच्या अर्जांच्या नकला वाचताना एक शब्द मला पुन्हा पुन्हा भेटतो आहे : मॅनिया. पूर्वी अर्जात ‘वेडसर आहे’, ‘डोक्यावर परिणाम झालेला आहे’ असं लिहिलेलं असे. आता नवऱ्याचे वकील डॉक्टरी शब्द वापरतात आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडतात. बाईला विचारावं तर तिला या शब्दाचा अर्थ माहीत नसतो. कित्येकदा त्या डॉक्टरांना ती एकदाच, पाच मिनिटं, तीही सासूसमोर भेटलेली असते. एका अर्जात लक्षणांची यादीच होती : रात्र रात्र जागते, अतोनात बोलते, न विचारता पैसे उडवते, वारंवार माहेरी पळून जाते. ती रात्री जागत होती, कारण नवरा पिऊन येईपर्यंत दार उघडायला कुणीतरी जागं लागायचं. उडवलेले पैसे मुलीच्या शाळेच्या फीचे होते. माहेरी का जायची, हे तर विचारायलाच नको.

म्हणून या शब्दाचं कूळ शोधावंसं वाटलं. शब्द ग्रीक आहे. ‘माइनोमाइ’ म्हणजे बेभान होणं, संतापानं भान हरपणं, त्यावरून ‘मानिआ’. हे ग्रीक क्रियापद आणि संस्कृतमधलं ‘मन्यते’ एकाच मुळातून आलेले आहेत, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आपलं मन, मानणं, मान्य, आणि क्रोधासाठी वेदांत येणारा मन्यू, ही सगळी मॅनियाची दूरची नातेवाईक. एखादीला वेडी ‘मानलं’ जातं, तेव्हा एकाच घराण्यातले दोन शब्द समोरासमोर येतात म्हणायचे!

ग्रीकांना मॅनिया सगळाच वाईट वाटत नव्हता. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस चार प्रकारचे दैवी उन्माद सांगतो : भविष्यकथनाचा, धर्मविधींचा, काव्याचा आणि प्रेमाचा. देवानं दिलेल्या उन्मादातून माणसांना फार मोठे लाभ होतात, असं तो म्हणतो आणि पहिलं उदाहरण देतो ते डेल्फीच्या देवळात भविष्य सांगणाऱ्या स्त्रीचं. आपल्याकडे अंगात आलेल्या बाईपुढे गाव वाकतं, तसंच. पण तो मान देवाचा. बाईला तो विधीपुरताच मिळतो. याच धातूवरून ‘मेनाड’ हा शब्द आला : डायोनिसस देवाच्या नादानं बेभान झालेल्या बायका. युरिपिडीसच्या ‘बॅकाय’ या नाटकात थीब्जच्या बायका माग टाकून, घरदार सोडून डोंगरावर जातात. राजाला पहिली आठवण होते ती त्यांना कोंडून घालण्याची.

त्याच ग्रीकांच्या वैद्यकात मात्र कविता संपते. हिपोक्रेटिसच्या नावावर जमा झालेल्या ग्रंथांत कुमारिकांच्या आजारांवर एक छोटंसं प्रकरण आहे. पाळी येण्याच्या वयात रक्ताला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ते हृदयापाशी साठतं आणि मुलगी भ्रमिष्ट होते, असं त्यात म्हटलं आहे. तिथे क्रियापद तेच आहे, मॅनियाचं. आणि उपाय? शक्य तितक्या लवकर लग्न. दिवस गेले की मुलगी बरी होते. हे वाचताना मला हसू आलं नाही. ‘लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल’ आणि ‘एक मूल होऊ द्या, सुधारेल’ ही दोन्ही वाक्यं आपल्यापैकी प्रत्येकीनं सुशिक्षित घरांतूनसुद्धा ऐकलेली आहेत. दोन हजार वर्षांहून जुनं हे औषध अजून खपतं आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेत मॅनिया हा शब्दाला लावायचा प्रत्यय झाला. कशालाही लावा, आजार तयार! १७७१ साली बिएंव्हिल नावाच्या डॉक्टरनं ‘निम्फोमॅनिया’वर आख्खा ग्रंथ लिहिला. बाईला शरीरसुखाची इच्छा ‘जास्त’ असणं हा रोग, आणि त्याच्या कारणांत कादंबऱ्या वाचणंही आलं. किती म्हणजे जास्त, हे अर्थातच बाईनं ठरवायचं नव्हतं. पण या सगळ्यांत मला बोलका वाटतो तो १८५१ मधला शब्द. अमेरिकेतल्या लुइझियानाचा डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यानं ‘ड्रॅपेटोमॅनिया’ नावाचा रोग जाहीर केला. ‘ड्रॅपेटिस’ म्हणजे पळालेला गुलाम. मालकाच्या मळ्यावरून काळे गुलाम पळून जातात, याचा अर्थ त्यांना हा रोग झालेला आहे! मालकानं त्यांना लेकरांसारखं वागवावं, पण पायरीनं ठेवावं. रोगाची चिन्हं दिसू लागली तर फटके द्यावेत, असं त्याचं म्हणणं होतं. गुलामी हे पळण्याचं कारण असू शकतं, हे त्याच्या वैद्यकात बसत नव्हतं. आता वर सांगितलेल्या अर्जातलं ‘वारंवार माहेरी पळून जाते’ हे पुन्हा वाचा.

इथवर आलं की काही मैत्रिणी म्हणतात, मग हा सगळा पुरुषी विज्ञानाचा बनाव आहे. मला हे पटत नाही. मॅनिया हा खरा आजार आहे. आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस माणूस दोन-तीन तास झोपून ताजंतवानं असतं, विचार आणि बोलणं थांबत नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतं किंवा सतत चिडचिड होते, कर्ज काढून खरेदी होते. नंतर बहुधा खोल नैराश्यही येतं. म्हणून आज या आजाराला बायपोलर म्हणतात. तो बायका-पुरुषांत जवळजवळ सारखाच आढळतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवला, तेव्हापासून त्यावर औषध आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हजारात एखाद-दोघींना तीव्र मानसिक आजार होतो, त्यात मॅनियाची लक्षणं पुष्कळदा दिसतात आणि आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. तिला बाहेरची बाधा म्हणून अंगाऱ्यावर ठेवणं जितकं वाईट, तितकंच ‘बाईवर लेबल नको’ म्हणून दवाखान्यात न नेणं वाईट. ती तातडीची वेळ असते.

कायद्याचा आधार आपल्याला वाटतो त्याहून बरा आहे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं. पण विकार अशा प्रकारचा आणि इतका हवा, की जोडीदारानं सोबत राहावं अशी रास्त अपेक्षा करता येऊ नये. नुसतं आजाराचं नाव चिकटवून भागत नाही, तीव्रता सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालच्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. तिथे प्रश्न स्किझोफ्रेनियाचा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणखी पुढे जातो. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांप्रमाणे कुणी वागत नाही एवढ्यावरून त्या व्यक्तीला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, तेवढंही पुरत नाही. ही कलमं वकिलांना दाखवा. पुष्कळांनी ती वाचलेली नसतात.

आणि चिठ्ठी हातात आली की प्रश्न विचारा. सही करणारे मनोविकारतज्ज्ञ आहेत का? किती वेळा भेटले? तिच्याशी एकटीशी बोलले का? लक्षणं कुणी सांगितली? किती दिवस टिकली? आपल्या केसपेपरवरही ‘मॅनिक वाटते’ असं लिहू नये. किती रात्री झोपली नाही, का झोपली नाही आणि हे कोणी सांगितलं, ते लिहावं. तिला त्रास होत असेल तर तिच्यासोबत सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावं, पण नवऱ्याला कागद मिळावा म्हणून नाही.

आपल्या भाषेकडेही एकदा बघायला हवं. त्याला क्रिकेटचं वेड असतं, संगीताचा ध्यास असतो. तिला शिकायचं ‘खूळ’ लागतं आणि नोकरीचं ‘भूत’ चढतं. संतांचं पिसं वंदनीय ठरतं, पण सुनेनं उलट उत्तर दिलं तर ती ‘फिरली’. तुमच्या भागात अशा बाईला काय काय म्हणतात, ते शब्द आम्हाला जरूर लिहून पाठवा; शक्य झाल्यास हेही कळवा, की तो शब्द पहिल्यांदा कोणी उच्चारला आणि त्या दिवशी घरात काय घडलं होतं.