बिलाच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’

व्यापारी बिलाच्या तळाशी, सहीच्या जागेजवळ, ‘ई. अँड ओ. ई.’ ही अक्षरे बारीक टाइपात छापलेली असतात. छापखान्यातील जुन्या नमुन्यावरून नव्या बिलबुकात आणि आता संगणकावरील बिलातही ती जशीच्या तशी उतरत आली आहेत.

पूर्ण रूप ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’, म्हणजे चुका व राहून गेलेल्या बाबी वगळून. ‘एक्सेप्टेड’चा अर्थ ‘स्वीकारलेले’ असा पुष्कळांचा समज असतो. त्या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखाच, अर्थ मात्र वेगळा. चूक आढळल्यास तेवढ्यापुरता हा हिशेब अंतिम मानू नये, एवढेच येथे सांगावयाचे असते. 18व्या शतकातील इंग्रज व्यापारी हिशेबाखाली ‘एरर्स एक्सेप्टेड’ लिहून मग सही करीत. सही म्हणजे कबुली; त्या कबुलीत दुरुस्तीची वाट ते मोकळी ठेवीत.

या अक्षरांना कवच समजणे मात्र धोक्याचे. समजा, 1,850 रुपये दराने 40 पोती ठरली आणि बिलात 1,580 पडले. फरक 10,800 रुपयांचा. ठरलेल्या दराचा पुरावा, म्हणजे ऑर्डर किंवा पत्र, हाती असेल तर ही लिहिण्यातील चूक ठरते व डेबिट नोट काढून रक्कम मागता येते. परंतु विक्रेत्याने मुळात भावच 1,580 सांगितला आणि समोरच्याने तो सरळ मनाने मान्य केला, तर गोष्ट निराळी. केवळ एका पक्षाच्या चुकीमुळे करार रद्द करता येत नाही, असे भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 22 सांगते. तेथे तळाची चार अक्षरे कामास येत नाहीत. जीएसटीच्या बिलात कोणता तपशील असावा हे नियम 46 मध्ये दिले आहे. त्यातही ही अक्षरे नाहीत. कर जास्त लावला गेल्यास उपाय क्रेडिट नोटचा, आणि तिची विवरणपत्रातील नोंद पुढील आर्थिक वर्षाच्या 30 नोव्हेंबरपर्यंत व्हावी लागते; वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले, तर मुदतही त्याच दिवशी संपते.

आपल्याकडील ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हा शब्दप्रयोग, किंवा गुजराती पेढ्यांवरील ‘भूलचूक लेवी देवी’, या इंग्रजी अक्षरांहून अधिक नेमका वाटतो. इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्याची बाजू राखते. आपले वाक्य घेण्याआधी देणे बोलते. गिऱ्हाइकाने चुकून दोनदा रक्कम पाठवली, तर ‘त्याने मागितली नाही’ हे उत्तर पुरत नाही. त्याच कायद्याचे कलम 72 अशी रक्कम परत करण्यास सांगते. शिवाय अशा दाव्याची तीन वर्षांची मुदत सामान्यतः रक्कम आली त्या दिवसापासून नव्हे, तर चूक उघडकीस आली, किंवा योग्य दक्षतेने ती कळू शकली असती, तेव्हापासून मोजली जाते. जुन्या खात्यात पडून राहिलेली जमा त्यामुळे सहजासहजी आपली होत नाही.