चालत्या गाडीला फोन कोण करतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली वाहन चालवताना मोबाइल वापरल्यामुळे देशात १,९९७ अपघात झाले आणि त्यांत १,०४० माणसे दगावली. २०२२ च्या अहवालात याच रकान्यातला मृतांचा आकडा ३,३९५ आहे. त्या वर्षी रस्त्यांवर एकूण १,६८,४९१ मृत्यू झाले, म्हणजे मोबाइलचा वाटा जेमतेम दोन टक्के आणि अतिवेगाचा सत्तरच्या वर. आपल्या धंद्यातली बरीच मंडळी हे दोन टक्के पुढे करून विषय मिटवतात. पण एका वर्षात आकडा तिपटीवर गेला, तो काही चालकांच्या हातात एकाएकी तिप्पट फोन आले म्हणून नव्हे. नोंद बदलली, एवढाच त्याचा सरळ अर्थ. अहवालात एका अपघाताच्या नावावर एकच नियमभंग लागतो आणि फिर्यादीतले वाक्य तर ठरलेलेच असते: भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे. दारूचा वास येतो, ती रक्तात सापडते. फोनचे तसे नाही. चालक गेला तर सांगायला कोणी उरत नाही, वाचला तर फोन खिशात जातो, आणि कॉलचा तपशील मागवून अपघाताच्या मिनिटाशी ताडून पाहायचा तर तपास अधिकाऱ्याला ते मुद्दाम करावे लागते. तेव्हा दोन टक्के हा सापडलेल्यांचा आकडा आहे. न सापडलेले बहुधा त्या सत्तर टक्क्यांत मिसळून गेले आहेत.

हे मासिक गाडीमालक, माल आणि प्रवासी वाहतूकदार, आगारातले पर्यवेक्षक आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे चालक वाचतात. म्हणून ‘चालकांनो, फोन वापरू नका’ हा उपदेश इथे छापण्यात अर्थ नाही. तो पेट्रोल पंपापासून शाळेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे लिहिलेला आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. धंद्याच्या गाडीत वाजणारा फोन हा चालकाचा छंद क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा कामाचा फोन असतो आणि तो आपण केलेला असतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले फुलसावंगी घ्या. या गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये, गावात तयार झालेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीतल्या जीवघेण्या अपघातामुळे. हेलिकॉप्टरची बातमी होते, पिकअपची होत नाही. पण असल्या गावाचे पोट चालते ते पिकअपवर. कापूस जिनिंगला, सोयाबीन बाजार समितीत, ऊस गुंज किंवा पोफळीच्या कारखान्याला, परतीच्या खेपेत खत-बियाणे, आणि मधल्या वेळात महागाव, उमरखेड, पुसदला जाणारी माणसे. या छोट्या गाडीवर एकच माणूस असतो. तोच चालक, तोच वाहक, हमालाला हात लावणाराही तोच आणि बुकिंग घेणाराही तोच. एसटीत हे काम दोघांत वाटलेले असते. प्रवाशाचे जे काय असेल ते वाहकाने पाहायचे, चालकाने फक्त रस्ता. ‘गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये’ ही पाटी मोबाइल यायच्या कितीतरी आधीची आहे. बोलण्यानेच लक्ष उडते, हात मोकळे असोत वा नसोत, हे त्या पाटीला पक्के ठाऊक होते. खासगी गाडीत वाहकाची जागा फोनने घेतली आणि पाटी मात्र कोणी लावली नाही.

आता एका खेपेत काय होते ते पाहा. जाळी बांधून, मापाबाहेर फुगलेला कापूस घेऊन पिकअप निघते. पंधरा मिनिटांत मालकाचा फोन: ‘कुठवर आलास?’ मग जिनिंगवरून, की काटा मोकळा आहे, लवकर ये. मग व्यापाऱ्याचा, मग परतीच्या भाड्यासाठी कोणाचा तरी. फोन वरच्या खिशात किंवा डॅशबोर्डवर. तो वाजला की चालक आधी कोणाचा आहे ते पाहतो, कारण घरचा असेल तर कापता येतो, मालकाचा कापता येत नाही. मग डावा हात गिअरवरून निघतो, फोन कानाशी जातो, खांदा वर येऊन त्याला धरून ठेवतो, मान वाकडी होते. बोलणे असते वीस सेकंदांचे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात संदेश टाइप करणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने एवढ्या वेळात गाडी ७५ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली तेवढ्या अंतरात कुठेही असू शकते.

इथे पहिला आक्षेप येतो: मग हँड्सफ्री लावून द्या, हात मोकळे राहतील. दुर्दैवाने अडचण हातांची नाही. रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी टोरंटोतल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये दाखवले, की फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते आणि हँड्सफ्रीवाल्यांना त्यात काही सवलत मिळत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला जखमी चालकांवर झालेल्या २००५ च्या अभ्यासातही तेच निघाले. युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी प्रयोगशाळेत असे दाखवले, की बोलणाऱ्या चालकाची नजर वस्तूवर पडलेली असते, पण ती वस्तू त्याला नंतर आठवत नाही; डोळ्यांनी पाहिले, डोक्यात शिरलेच नाही. आपला कायदा ‘हातात धरलेल्या’ उपकरणापुरता बोलतो आणि २०२० च्या दुरुस्तीने फक्त रस्ता शोधण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरायला मुभा देतो. त्यामुळे हँड्सफ्रीने चलन वाचेल. अपघात वाचेल याची हमी कोणी देऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. वर उल्लेखिलेल्या व्हर्जिनिया टेकच्याच अभ्यासात नुसत्या बोलण्याने ट्रकचालकांचा धोका वाढलेला दिसला नाही. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांचा तर कमीच दिसला. लांबच्या रात्रीच्या खेपेत कोणाशी तरी बोलल्याने झोप उडते, हा आपल्याकडच्या चालकांचाही अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण त्याच अभ्यासात नंबर फिरवणे आणि फोनसाठी हात लांबवणे यांनी धोका सहापटीच्या आसपास गेला, संदेश टाइप करण्याने तेवीसपट. म्हणजे बोलण्याआधीचीच धडपड घातक, आणि ती धडपड प्रत्येक कॉलला होते. शिवाय तो रस्ता अमेरिकेचा: दुभाजक, कुंपण, एका दिशेची वाहतूक. नागपूर-तुळजापूर महामार्ग सोडून गावाकडे वळले की आपल्याकडे समोरून बैलगाडी, बाजूने शेळ्या, मध्येच शेतातून रस्त्यावर येणारा ट्रॅक्टर. तिथे झोप ही भरदिवसाची अडचण नाही, अचानकपणा ही आहे. आणि चालकाला झोप येत असेल तर त्याला फोन करण्यापेक्षा झोपू देणे मालकाला स्वस्त पडते.

‘शेजारी बसलेला प्रवासीही बोलतोच की,’ असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की शेजारच्याला तोच रस्ता दिसत असतो. समोर गाय आली की तो आपोआप गप्प होतो, कधी ओरडून सावधही करतो. फोनवरच्या माणसाला गाय दिसत नाही. तो उत्तराची वाट पाहत असतो.

कायद्याचे काय? १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मोबाइलचा वापर कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत, स्पष्ट शब्दांत आला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड शुल्क ठरवले: दुचाकीला १,०००, चारचाकीला २,०००, इतर वाहनांना ४,००० रुपये. हे चलन व्यवहारात चालकाच्या पगारातून वळते होते, हे आपल्यापैकी कोणी नाकारणार नाही. एसटी महामंडळाने २०२३ मध्ये चालकांना गाडी चालवताना मोबाइल वापरण्यास मनाई केली. तरीही २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई-पुणे मार्गावर भाडेतत्त्वावरच्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेट पाहत असल्याचे एका प्रवाशाने चित्रित केले. चालक बडतर्फ झाला आणि गाडी पुरवणाऱ्या कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. तो चालक दोषी होता यात शंका नाही. पण दोन शिक्षांची ही तफावत पाहिली की जबाबदारी कोणत्या दिशेला घसरते ते कळते.

इतर देशांनी ही घसरण ओळखली. ब्रिटनमध्ये २००३ च्या नियमात फोन धरून गाडी चालवणारा जसा गुन्हेगार, तसा त्याला तसे करायला लावणारा किंवा करू देणाराही. अमेरिकेत २०१२ पासून व्यावसायिक चालकांना फोन हातात घ्यायला बंदी आली, तेव्हा चालकाला जास्तीत जास्त २,७५० डॉलर आणि त्याला तशी मुभा देणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलर असा दंड ठरला. केंटकीत मार्च २०१० मध्ये फोनवर गुंतलेल्या ट्रकचालकाने दुभाजक ओलांडून एका व्हॅनला धडक दिली आणि अकरा जण गेले, त्यानंतरचे अमेरिकेचे हे पाऊल. आपल्याकडे नवा कायदा आणावा लागेल असेही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८८ सांगते, की कलम १८४ च्या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. गाडी चालू आहे हे माहीत असताना वारंवार फोन करणारा आणि उत्तर न दिल्यास बोलणी लावणारा मालक या कलमात बसतो की नाही, हे न्यायालयाने ठरवायचे. पण एखाद्या वकिलाने कॉलचा तपशील काढून हा प्रश्न विचारायचा ठरवला, तर आपल्याकडे उत्तर तयार आहे का? जानेवारी २०२४ मध्ये चालकांवरच्या कडक शिक्षेविरुद्ध आपला धंदा रस्त्यावर उतरला होता. चालकाचा कैवार घ्यायचा तर तो इथूनही घ्यावा लागेल.

राहिला धंद्याचा आक्षेप: फोन नाही उचलला तर भाडे दुसऱ्याला जाते. हे खरे आहे, आणि एकट्या मालकाने नियम पाळून हा प्रश्न सुटणारही नाही. म्हणून तो स्टँडवर, संघटनेत, जिनिंगच्या काट्यावर एकत्र सुटायला हवा. खेपेत थांबायच्या जागा आधीच ठरवाव्यात आणि चालकाने तिथेच, गाडी बाजूला घेऊन, आलेले फोन पाहावेत. फुलसावंगी ते उमरखेड अशा अंतराला एक थांबा पुरे. बुकिंगचा नंबर चालकाचा नको, घरी किंवा दुकानात बसलेल्या माणसाचा हवा; गाडीच्या मागे रंगवलेला नंबरही तोच. ‘कुठवर आलास?’ याचे उत्तर जीपीएस देते, आणि ते बसवलेल्या गाडीच्या चालकाला तरीही हा प्रश्न विचारणे ही निव्वळ सवय आहे. ड्रायव्हिंग स्कूलनी शिकाऊंना स्टिअरिंग आणि क्लचच्या बरोबरीने हेही शिकवावे, की वाजणारा फोन वाजू द्यायचा असतो. मालकाचा फोन न उचलल्याबद्दल चालकाला बोलणी बसणार नाहीत, हे नेमणुकीच्या वेळी लेखी द्यावे. थांब्यामुळे दहा मिनिटे उशीर झाला तर तो भाडे ठरवतानाच ग्राहकाला सांगावा. ज्या मालकांनी किंवा संघटनांनी अशी काही पद्धत बसवली असेल, त्यांनी थांब्यांसकट आणि झालेल्या तोट्यासकट ती आम्हांला कळवावी. गळीत हंगाम आणि कापसाची आवक सुरू होण्याआधीच्या अंकात ती छापू.