संघाला हवा कारभारी

आखाजी जवळ आली, की आमच्या खानदेशात सालदार ठरविण्याची लगबग सुरू होते. जुना राहणार की जाणार, नवा कोण मिळणार, साल किती ठरणार, याचीच चर्चा ओट्याओट्यांवर चालते. आता ट्रॅक्टर आले, सालदार मिळेनासे झाले. तरी ज्या घरी ही पद्धत टिकून आहे, तेथे जाणता शेतकरी माणूस कसा पारखतो हे पाहण्यासारखे असते. तो त्याच्या कपड्यांकडे पाहत नाही, गोड बोलण्यावर भाळत नाही. आधी कोणाकडे होतास, तेथून का निघालास, एवढे विचारतो आणि त्याला गोठ्यात घेऊन जातो. बैलाच्या पाठीवर हात कसा पडतो, यावरून काय कळायचे ते त्याला कळते.

शेतीच्या बाबतीत ज्यांची नजर एवढी तयार, त्याच आपल्या लोकांवर खेळाच्या संघाला कारभारी नेमण्याची वेळ आली, की ती नजर कोठे जाते? हा प्रश्न मला पडला तो आमच्या गावच्या, म्हणजे असोद्याच्या, पारावर. त्या बैठकीची हकीकत पुढे सांगेनच. तत्पूर्वी हा प्रश्न थोरामोठ्यांनाही कसा पडला होता, ते पाहू.

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. परंतु अमेरिकेत त्याचे वेड आपल्या क्रिकेटइतकेच आहे, आणि तेथे एक गोष्ट आपल्यापेक्षा स्पष्ट आहे. संघाचा ‘मॅनेजर’ वेगळा आणि ‘जनरल मॅनेजर’ वेगळा. मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून मैदानाच्या कडेला बसतो व डावपेच ठरवितो. जनरल मॅनेजर मात्र कचेरीत बसतो. कोणता खेळाडू घ्यावा, कोणता द्यावा, कोणावर किती पैसा खर्चावा, गावोगावच्या पोरांमधून उद्याचा खेळाडू कसा हुडकावा, हे त्याचे काम. टाळ्या त्याच्या वाट्याला क्वचितच येतात, शिव्या मात्र चुकत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर तो संघाचा कारभारी.

बोस्टन शहराच्या रेड सॉक्स या संघाला २००२ मध्ये असा कारभारी हवा होता. हा संघ १९१८ नंतर एकदाही अजिंक्य ठरलेला नव्हता. मालकांनी साहजिकच त्या वेळच्या सर्वांत गाजलेल्या माणसाला, ओकलंड संघाच्या बिली बीन यांना, गळ घातली. बीन यांनी थोड्या पैशांत चांगला संघ उभा करून दाखविला होता. त्यांनी आधी होकार दिला आणि मग तो फिरविला. आता काय करावे? तेव्हा मालकांचे लक्ष आपल्याच कचेरीतल्या एका तरुण साहाय्यकाकडे गेले. त्याचे नाव थिओ एप्स्टीन, वय अवघे २८. त्या मैदानाच्या शेजारच्याच वस्तीत तो लहानाचा मोठा झाला होता. त्याची नेमणूक झाली आणि दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, ८६ वर्षांचा दुष्काळ संपला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण बोस्टनकरांना ठाऊक नसेल; पण तिचा अर्थ त्यांना पुरता उमगला असेल.

आता आपल्या घरी या. वर्ष २००७. वेस्ट इंडीजमधील विश्वचषक स्पर्धेत आपला क्रिकेट संघ बांगलादेश व श्रीलंका यांच्याकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी पद सोडले. नव्या माणसाचा शोध सुरू झाला. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅहम फोर्ड यांना पाचारण करण्यात आले. परंतु फोर्ड यांनी केंट या इंग्लिश कौंटीतच राहणे पसंत केले. इंग्लंडचा दौरा तोंडावर आलेला, आणि संघाला कारभारी नाही! लग्नघटका भरत आली आणि भटजींचाच पत्ता नाही, असा तो प्रकार.

अशा वेळी आठवण झाली ती पुण्याच्या चंदू बोर्डे यांची. ५५ कसोटी सामने खेळलेला हा गृहस्थ तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. १९८९ साली पाकिस्तानच्या दौऱ्यात सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिली कसोटी खेळला, तेव्हाही व्यवस्थापक बोर्डेच होते. तरीही अनेकांनी नाके मुरडली. संगणकाच्या काळात हे आजोबा काय शिकविणार, असा सूर निघाला. बोर्डे यांचा त्र्याहत्तरावा वाढदिवस लॉर्ड्सची कसोटी चालू असतानाच आला. ती कसोटी अनिर्णित राहिली. नॉटिंगहॅमची आपण सात गडी राखून जिंकली. ओव्हलची पुन्हा अनिर्णित. राहुल द्रविडच्या संघाने मालिका १–० ने जिंकली. इंग्लंडमध्ये मालिका जिंकण्याचा योग १९८६ नंतर तेव्हाच आला.

एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिली वीस षटकांची विश्वस्पर्धा झाली. ज्येष्ठ खेळाडू गेले नाहीत, कर्णधार महेंद्रसिंग धोनी नवा, आणि व्यवस्थापक म्हणून गेले मुंबईचे लालचंद राजपूत. राजपूत स्वतः कसोटी सामने खेळले ते फक्त दोन. पाकिस्तानविरुद्धचा साखळी सामना बरोबरीत सुटला, तेव्हा नियमाप्रमाणे मोकळ्या यष्ट्यांवर चेंडू टाकून निकाल लावायचा होता. आपल्या पोरांनी त्याचा सराव आधीच केलेला होता. आपले तिन्ही चेंडू यष्टीवर बसले, पाकिस्तानचे तिन्ही चुकले. कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या गोष्टीची तयारी करून ठेवणे, हेच तर पडद्यामागच्या माणसांचे काम! पुढे २४ सप्टेंबरला जोहान्सबर्गला अंतिम सामना पाच धावांनी जिंकून हा संघ जगज्जेता झाला.

यावरून कोणी म्हणेल, ‘म्हणजे परका माणूस नको, घरचाच हवा, असे तुमचे म्हणणे!’ नाही, तसे मी म्हणत नाही. बोर्डे यांच्याच दौऱ्यात एकदिवसीय सामन्यांची मालिका आपण ४–३ ने हरलो, हेही सांगितले पाहिजे. शिवाय त्यानंतर २००८ मध्ये आलेले गॅरी कर्स्टन दक्षिण आफ्रिकेचेच. त्यांच्या कारकिर्दीत २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर आपण विश्वचषक उंचावला. गंमत अशी, की या जागेसाठी आपण अर्जसुद्धा केला नव्हता, असे कर्स्टन यांनीच पुढे सांगितले आहे. तेव्हा देशी की परदेशी, तरुण की म्हातारा, हा मुद्दाच नव्हे. मुद्दा असा, की शोध घेणारे आधी नाव शोधतात आणि काम कोणते आहे हे मागाहून पाहतात. २००७ च्या संघाला कशाची गरज होती? विश्वचषकात सगळे विस्कटून गेल्यावर थोडी शांतता आणि थोडा विश्वास, एवढीच. ती गरज ओळखून शोध घेतला असता, तर पुणे आणि मुंबई काही फार लांब नव्हती.

दुसरी गोष्ट धीराची. संदीप पाटील यांना १९९६ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमले आणि त्याच वर्षी मोकळेही केले. पी हळद आणि हो गोरी, अशी आपली रीत. हेच पाटील पुढे केनियाचे प्रशिक्षक झाले आणि २००३ च्या विश्वचषकात केनियाने उपांत्य फेरी गाठली. राजपूत यांचेही तसेच. ते प्रशिक्षक असताना २०१७ मध्ये अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला. पिकते तेथे विकत नाही, हेच खरे. आमच्या असोद्याची भरिताची वांगी प्रसिद्ध; पण त्यांचे कौतुक ऐकायचे तर गावाबाहेरच जावे लागते!

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नजरेची. ब्रुकलिन संघाचे कारभारी ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मोठ्या साखळीत उतरविले. कृष्णवर्णीयांना तेथे कित्येक दशके दार बंद होते. रॉबिन्सनची गुणवत्ता रिकींनी निर्माण केली नव्हती. ती होतीच. कुंपणापलीकडे पाहण्याची हिंमत तेवढी त्यांनी दाखविली. आणि कारभारी निवडणाऱ्यांनाही अशी कुंपणे असतात. किम अँग या बाई १९९८ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या यँकी संघाच्या साहाय्यक जनरल मॅनेजर झाल्या. पुढे अनेक संघांनी त्यांना मुलाखतीला बोलाविले आणि परत पाठविले. अखेर २०२० मध्ये मायामीच्या संघाने त्यांना ते पद दिले. मोठ्या साखळीतल्या त्या पहिल्या स्त्री जनरल मॅनेजर. म्हणजे बावीस वर्षे त्या समोरच होत्या. दिसत मात्र नव्हत्या.

हे वाचताना मला अमेरिकेपेक्षा माझे गावच आठवते. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्यात जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावच्या घरात गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. दळता-कांडताना, शेतात राबताना गाणी सुचत गेली. मुलाने, कवी सोपानदेवांनी, त्यातली काही उतरवून ठेवली म्हणून ती वाचली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग ते बाड आचार्य अत्र्यांच्या हाती पडले, त्यांनी ते मोल ओळखले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण ज्या घरांच्या भिंतींनी ती गाणी ऐकली, त्या घरांशेजारच्या माणसांना त्यांचे मोल कळले होते का? सोपानदेव आणि अत्रे नसते, तर? पारखी माणूस भेटला नाही म्हणून आपल्या गावागावांतून किती सोने मातीत गेले असेल, याचा हिशेब कोण करणार?

आता पारावरच्या त्या बैठकीविषयी. आमच्या गावच्या कबड्डी संघाचा कारभार पुष्कळ वर्षे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पाहिला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा स्वतः फार मोठे खेळाडू नव्हते. पण कोणाची परीक्षा कधी, कोणाच्या घरी कापूस वेचणी चालू, कोणाचा गुडघा दुखतो, हे सारे त्यांच्या वहीत असे. मैदानावर फक्कीच्या रेघा ते स्वतः ओढीत. पोरगा रात्री सरावाला येणार म्हणून त्याच्या आईला जाऊन सांगत. केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहणारा एक मुलगा त्यांनी मळ्यात पाहिला. त्याचे पाय कसे पडतात ते पाहिले, आणि संध्याकाळी त्याला मैदानावर आणले. आज आमची अर्धी चढाई त्याच्या जिवावर आहे.

अण्णांचे गुडघे आता चालत नाहीत. म्हणून बैठक बसली. पहिले नाव निघाले ते एका पैसेवाल्याचे. कारण काय, तर तो सर्वांना नवे टी-शर्ट देईल. दुसरे एका पुढाऱ्याच्या पुतण्याचे; तो मैदानाला लोखंडी जाळी मिळवून देईल. तिसरे एका जुन्या नामांकित खेळाडूचे, जो आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो आणि वर्षातून दोनदा गावी येतो! वहीचे काय होणार, हे कोणी विचारले नाही. त्या मळ्यातल्या पोरासारखा दुसरा पोर कोण हुडकणार, हेही कोणी विचारले नाही.

आणि ज्यांनी अनेक वर्षे मुलींचा खो-खो संघ घडविला, ज्यांच्या तालमीत तयार झालेल्या मुली जिल्ह्याच्या मैदानावर खेळून आल्या, त्या आमच्या शाळेच्या बाई मैदानापासून चार घरांवर राहतात. त्यांचे नाव कोणाच्याही तोंडून निघाले नाही. ‘कोणाच्याही’ म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. ते नाव माझ्या ओठांवर आले होते. लोक हसतील म्हणून मी गिळले. बहिणाबाईंच्या गावचा, कला शाखेत शिकणारा, स्त्रीशक्तीवर निबंध लिहिणारा मी, पारावर गप्प बसलो. बैठक काही न ठरता उठली, एवढेच माझे नशीब.

मित्रांनो, कबड्डीच्या एका संघाचे काय ते मोठे, असे तुम्ही म्हणाल. पण विद्यार्थी मंडळाचा प्रतिनिधी, स्नेहसंमेलनाचा सचिव, भित्तिपत्रकाचा संपादक, उद्या ग्रामपंचायतीचा सदस्य, असे कारभारी आपण जन्मभर निवडीत राहणार आहोत. प्रत्येक वेळी आपण विचारतो, ‘याचे नाव किती मोठे?’ जाणता शेतकरी मात्र गोठ्यात नेऊन हात पाहतो. आपणही तेच करावे. काम नेमके कोणते आहे? दुसऱ्याचा गुण ओळखून त्याला पुढे करण्याची सवय या माणसाला आहे का? आणि ज्यांच्याकडे आपण पाहिलेच नाही, असे कोणी कुंपणापलीकडे उभे आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की नावाची चिंता फारशी उरत नाही.

आखाजीच्या आधी बैठक पुन्हा बसायची आहे. बाई होकार देतील की नाही, मंडळी मानतील की नाही, हे मला सांगता येणार नाही. लोक हसतीलही. पण या वेळी ते नाव मी घेणार आहे.