खारपाणपट्ट्यातली गाडी
दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गाडीचं पॉलिश निवडण्याआधी पाणी निवडावं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात सोडली, की टाकीवर पांढरे डाग आणि साखळीला गंज ठरलेला. म्हणून शेवटची बादली तरी नळाच्या गोड्या पाण्याची असावी, आणि गाडी लगेच मायक्रोफायबरने पुसावी. कोरड्या फडक्याने मात्र धूळ कधीच झटकू नका. मातीतले बारीक कण रंगावर ओरखडे पाडतात. कपड्यांची पावडर वॅक्सचा थर उतरवते, तेव्हा गाडीचा शाम्पूच बरा. डिझेलच्या बोळ्याने येणारी चकाकी मला मुळीच पटत नाही, त्या तेलकट थरावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन चिकटते. वॅक्स कार्नौबाचं घ्या, म्हणजे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण, किंवा जास्त टिकणारं सिंथेटिक. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. तापलेल्या टाकीवर वॅक्स लावताच वाळतं आणि निघता निघत नाही. सकाळी सावलीत, टाकी हाताला गार लागत असताना, अगदी पातळ थर द्या. मॅट रंगाला वॅक्स नको, चट्टे पडतात. आणि सीट, टायर, ब्रेकची डिस्क यांना तर वॅक्सचं बोटही लागू देऊ नका, गाडी घसरते, ब्रेक धरत नाही.